सुईवाले महाराज आणि तांबड्या केसांची जुई

अयोध्या नगरच्या सामुदायिक भवनाबाहेर त्या संध्याकाळी चपलांचा एवढा ढीग पडला होता, की परतताना आपलीच जोडी पायात येईल असं मानायलाही श्रद्धा लागली असती. आत सतरंज्यांवर माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसली होती. जानेवारीची थंडी होती, पण शाली आणि माकडटोप्यांच्या त्या गर्दीत घाम फुटत होता. मंचावर झेंडूच्या माळांमध्ये सुईवाले महाराज बसले होते. समोर चांदीची वाटी आणि तिच्याशेजारी लाल मखमलीवर एक लांबलचक सुई.

"किसको डर लगता है?" महाराजांनी विचारलं.

कोणालाच भीती वाटत नव्हती. निदान कबूल करण्याइतकी तरी नाही.

"डर मत बेटा. दर्द क्या है? दर्द उधार है. पिछले जनम का उधार. मैया के खाते में डाल दो, मैया चुका देगी."

पहिला नंबर आमच्या सोसायटीचे अध्यक्ष गोपीनाथजी यांचा होता. प्रत्येक गोष्टीत पहिला नंबर त्यांचाच असतो. महाराजांनी वाटीतला केशरी लेप बोटावर घेतला, त्यांच्या जिभेवर चोळला आणि डोळे मिटून मंत्र म्हणायला सुरुवात केली. मंत्र चांगलाच लांब होता. तो संपल्यावर त्यांनी गोपीनाथजींची बाहेर काढलेली जीभ रुमालानं धरली आणि तिच्या टोकात सुई खुपसली. बायकांनी तोंडावर पदर घेतले. गोपीनाथजी मात्र शांत उभे होते.

"दर्द हुआ?"

"नईं महालाज," गोपीनाथजी म्हणाले. "बिलकुल नईं हुआ."

"सुना? वाणी बदल गई! बच्चे की बोली हो गई! मैया जब जीभ पर बैठती है, तो आदमी बालक हो जाता है!"

"दय माता दी!" गोपीनाथजी गहिवरून म्हणाले आणि सगळं भवन जयजयकारानं दणाणलं.

मी शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसले होते. मी मंजूषा. इथल्या अवजड यंत्रांच्या कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात काम करते. नागपूरहून या हिंदी बोलणाऱ्या शहरात बदली होऊन आले ती इथलीच झाले. मला तिथं ओढून आणलं होतं ते आमच्या वरच्या मजल्यावरच्या जुईनं. म्हणजे जुईला तिच्या बाबांनी आणलं होतं आणि जुईनं मला. "मंजूमावशी, तू सोबत असलीस तर मला हसू तरी येईल," असं ती म्हणाली होती. पण गालाला मफलर गुंडाळून बसलेल्या त्या पोरीला त्या क्षणी हसताही येत नव्हतं.

जुई एकोणीस वर्षांची. तिला कोणीही एकदा पाहिलं की विसरत नाही, कारण तिचे केस. चिंचेनं घासलेला तांब्या उन्हात ठेवावा, तसा त्यांचा रंग आहे. नाकावर आणि गालांवर बारीक तपकिरी ठिपके. आई शिल्पा आणि बाबा जितेंद्र, दोघांचेही केस काळेभोर. त्यामुळे लहानपणापासून पोरीच्या वाट्याला एकच प्रश्न येत होता, "बेटा, कौन सी मेहंदी लगाती हो?" ती आधी खरं उत्तर द्यायची. मग कंटाळून तिनं मेंदीच्या एका काल्पनिक कंपनीचं नाव सांगायला सुरुवात केली, आणि आमच्या कॉलनीतल्या दोन बायका तिच्या शोधात न्यू मार्केट पालथं घालून आल्या.

तर या जुईची अक्कलदाढ आडवी वाढत होती. हिरडी सुजली, दुखायला लागली, तेव्हा ती डॉक्टर परागांच्या दवाखान्यात गेली. त्यांनी बधिर करण्याचं इंजेक्शन दिलं, थोडं थांबले, चिमटा लावला आणि जुई खुर्चीतून उठलीच. दुसरं इंजेक्शन दिलं. तरी तेच. तिसरंही दिलं. "आता काही वाटता कामा नये," डॉक्टर म्हणाले. "पण वाटतंय!" जुई म्हणाली. शेवटी त्यांनी हात धुतले, पू कमी करणाऱ्या गोळ्या लिहून दिल्या आणि शिल्पाला बाजूला घेऊन सांगितलं, "मनात भीती बसलीय तिच्या. शांत झाली की आणा."

हे 'मनात' एवढंच जितेंद्रभाऊंच्या मनात राहिलं. ते आमच्या कारखान्यात टर्बाइनच्या विभागात इंजिनियर आहेत. एखाद्या पात्याच्या जाडीत केसाएवढा फरक पडला तरी ते अख्खा भाग परत पाठवतात. पण कारखान्याचं फाटक ओलांडलं की मोजपट्टी तिथंच ठेवून येतात. नवी स्कूटर आणली तर तिला लिंबू-मिरची आधी लागते, आणि नंबरप्लेट नंतर. मन बिघडलंय म्हटल्यावर त्यांना महाराज आठवले.

आणि म्हणून आता जुई मंचावर उभी होती.

महाराजांनी मफलर सोडायला लावला. केस खांद्यावर मोकळे झाले, तशी गर्दीत कुजबुज झाली. लेप लागला. मंत्र झाला. सुई टोचली.

"आई गं!" जुई अशी काही ओरडली, की मागे पेंगणारे एक आजोबा 'जय माता दी' म्हणून उभेच राहिले.

महाराजांचा हात थबकला. त्यांनी पुन्हा लेप लावला, यावेळी जरा जास्त. पुन्हा मंत्र. पुन्हा सुई. जुईनं त्यांचा हात झटकला आणि जीभ आत ओढून घेतली. तिच्या ओठावर रक्ताचा थेंब आला होता.

"दुखतंय मला!" ती म्हणाली. उच्चार अगदी स्वच्छ होता.

महाराज आपली फजिती होते आहे म्हणून क्षणभर गोंधळलेले मला तरी दिसले. पण या धंद्यात गोंधळून चालत नाही. त्यांची नजर तिच्या केसांवर स्थिरावली आणि चेहरा उजळला.

"तांबा!" ते गरजले. "देखो इसके बाल! यह तांबई छाया है. मैया आती है, पर छाया दरवाज़ा नहीं खोलती. इसीलिए डॉक्टर की दवा भी नहीं लगी. नहीं लगी न?"

"नहीं लगी, महाराज," जितेंद्रभाऊ हात जोडून म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. महाराजांना हे कसं कळलं, याचं त्यांना केवढं आश्चर्य वाटलं! जुईचं नाव नोंदवताना सगळी हकिकत त्यांनीच स्वयंसेवकाला ऐकवली होती, हे ते साफ विसरले होते.

उपाय ठरला. गोळ्या बंद, कारण 'अंग्रेज़ी दवा छाया का भोजन है'. फक्त दूध आणि फळं. हिरडीला लावायला लेपाची एक डबी. आणि पौर्णिमेला मुंडण करून केस नर्मदेत सोडायचे.

घरी परतताना जिन्यात जुई माझ्या कानाशी म्हणाली, "मावशी, मी नाटक करतेय असं बाबांना वाटतं का गं?"

"बाबांना तर तुझ्यात कोणीतरी शिरलंय असं वाटतं."

"ते परवडलं," ती म्हणाली. "पण मला खरंच दुखलं होतं."

पुढच्या दिवसांत कॉलनीनं आपलं काम चोख बजावलं. जुई ज्या मुलींना कथ्थक शिकवायची, त्यांतल्या निम्म्या मुलींना अचानक सर्दी झाली. भाजीवाल्यापाशी उभ्या बायका तिला पाहून आपल्या पोरांना पदराआड ओढायला लागल्या. एकीनं तर शिल्पाला दिवस असताना काय काय खाल्लं होतं याची चौकशी केली. शिल्पानं सगळं सहन केलं, पण जुईचा गाल टम्म सुजला आणि तोंडात चमचा जाईना, तेव्हा ती माझ्या दारात येऊन उभी राहिली.

"मंजूषाताई, हे ऐकत नाहीत. म्हणतात, छाया बाहेर पडतेय म्हणून सूज वाढलीय. मला भीती वाटते."

माझी मावसबहीण केतकी भूलतज्ज्ञ आहे. ऑपरेशनच्या आधी माणसाला झोपवणं आणि नंतर सुखरूप जागं करणं हा तिचा व्यवसाय. शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोटरा सुल्तानाबादेत राहते. मी फोन केला आणि ती हॉस्पिटलातली ड्यूटी संपवून थेट स्कूटरवर आली. जितेंद्रभाऊंनी तिला दारातच नमस्कार केला आणि म्हणाले, "डॉक्टर, तुमचा मान आहे, पण हे तुमच्या शास्त्रातलं नाही."

"असू दे," केतकी म्हणाली. "मी चहाला आलेय. चहा होईपर्यंत पोरीचा गाल बघते."

तिनं बघितलं. ताप मोजला, मान चाचपली, तोंड किती उघडतं ते पाहिलं, आणि तिचा चेष्टेचा सूर गेला.

"जितेंद्रजी, छायेचं नंतर बोलू. हा पू आहे. तो खाली गळ्याकडे उतरला तर श्वास अडेल. गोळ्या आत्ता सुरू करायच्या, माझ्यासमोर. उद्या सकाळी हॉस्पिटलात दाखवायचं. यावर चर्चा करायची असेल तर ती गोळी गिळून झाल्यावर."

जितेंद्रभाऊ काही म्हणणार होते, पण शिल्पानं पाण्याचा पेला आणलादेखील होता. जुईनं गोळी गिळली. मग केतकीनं खुर्ची ओढली.

"आता सांग. महाराजांनी सुई टोचली तेव्हा नेमकं काय झालं?"

"दुखलं," जुई म्हणाली. तोंड नीट उघडत नसल्यानं ती दातांतून बोलत होती. "लेप गोड होता, लवंगेचा वास होता, पण मागून कडवट. जिभेला थोड्या मुंग्या आल्या. बस. बाकीच्यांच्या जिभा तर एकदम जड होत होत्या. सगळे बोबडं बोलत होते."

"बोबडं?"

मी गोपीनाथजींचं 'दय माता दी' म्हणून दाखवलं. केतकी आधी हसली आणि मग हसता हसता थांबली. तिनं जुईच्या केसांकडे पाहिलं, गालावरच्या ठिपक्यांकडे पाहिलं.

"आणि डॉक्टर परागांच्या इंजेक्शननंही बधिर झालं नव्हतं."

"तीन वेळा."

"अस्सं," केतकी म्हणाली. "मग तुमच्या मैयाचं नाव मला साधारण कळलंय. आमच्याकडे ती ट्यूबमधून येते."

जितेंद्रभाऊंचा चेहरा कडक झाला. तेव्हा केतकीनं सूर बदलला आणि नीट समजावून सांगायला बसली.

"हे बघा. आपल्या प्रत्येकात केसांचा रंग ठरवणारी जी जनुकं असतात, त्यांतलं एक जणू पेशीवरचं बटण असतं. ते दाबलं गेलं की काळा रंग तयार होतो. काही जणांत ते बटण जन्मतःच नीट लागत नाही, मग काळ्याऐवजी तांबूस रंग तयार होतो. त्या जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक वडलांकडून. एकच बिघडलेली असेल तर बहुधा केस काळेच राहतात, म्हणून तुमचे दोघांचे काळे आहेत. दोन्ही बिघडलेल्या आल्या, तर जुई. शिल्पानं काय खाल्लं होतं याचा काडीचा संबंध नाही."

शिल्पानं नवऱ्याकडे अशी नजर टाकली की मी चहाच्या कपात पाहायला लागले.

"गंमत अशी," केतकी पुढं म्हणाली, "की याच जनुकाचा वेदनेशीही काही संबंध असावा असं दिसलंय. तांबड्या केसांच्या लोकांना थंडी-उष्णतेचे चटके जास्त जाणवतात आणि कातडी बधिर करणारं औषध कमी लागू पडतं, असं काही अभ्यासांत आढळलं. एका अभ्यासात त्यांना भुलीचा वायूही जास्त लागला. नंतरच्या काही अभ्यासांत तसा फरक दिसला नाही, म्हणून मी छातीठोकपणे सांगणार नाही. उलट दुसऱ्या प्रकारची काही वेदनाशामकं त्यांना थोडीशीच पुरतात असंही दिसलंय. म्हणजे ही मंडळी नाजूक असतात किंवा भित्री असतात असं मुळीच नाही. औषधाचं माप जरा वेगळं असू शकतं, इतकंच."

"म्हणजे दवाखान्यात मी नाटक करत नव्हते," जुई म्हणाली.

"मुळीच नाही. शिवाय पू झालेल्या जागी ते औषध कोणालाच नीट लागू पडत नाही. तिथं दोन कारणं एकत्र आली असतील. पण तुझ्या जिभेला तर काही झालेलं नव्हतं ना? आता जितेंद्रजी, तुम्ही इंजिनियर आहात, मला एक सांगा. एक मुलगी आहे, जिला बधिर करणारं औषध कमी लागू पडतं. तिच्यावर महाराजांचा चमत्कारही कमी लागू पडतो. देवीच्या कृपेला केसांचा रंग कशाला आडवा येईल? औषधाला येऊ शकतो."

जितेंद्रभाऊ म्हणाले, "हा संशय झाला. पुरावा नाही."

"शाब्बास!" केतकीनं टेबलावर थाप मारली. "असंच हवं. डबी आणा."

कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून तिनं मला बधिर करणाऱ्या जेलची ट्यूब आणायला लावली. स्टीलच्या तीन सारख्या वाट्या घेतल्या. एकीत महाराजांचा लेप. दुसरीत मध, केशर आणि ते जेल. तिसरीत नुसता मध आणि केशर. लवंगही थोडी बधिर करते, म्हणून लवंगेच्या तेलाचा एकेक थेंब तिनं दोन्ही नव्या वाट्यांत सारखाच घातला, म्हणजे वासावरून ओळखता येऊ नये. प्रत्येकीच्या बुडाला चिकटपट्टीवर नाव लिहिलं आणि वाट्या शिल्पाकडे दिल्या. "आत जाऊन जागा अदलून-बदलून ठेव. कुठली कुठं आहे ते मलाही कळता कामा नये."

"तुम्हालाही?" जितेंद्रभाऊंनी विचारलं.

"मला उत्तर हवं तसं यावं असं वाटतंय. म्हणून मलाच सगळ्यात आधी आंधळं करायला हवं."

हे मात्र त्यांना पटलं. मी पाहिलं, ते खुर्चीत पुढं सरकले. कारखान्यात एखाद्या तपासणीला बसावं तसे. त्यांनी तर एक सुधारणाही सुचवली, की दात कोरायच्या काडीनं टोचणाऱ्याचे डोळेही बांधावेत. ती केतकीनं नाकारली, कारण काडी नाकात गेली असती.

पहिल्या वाटीतला लेप जितेंद्रभाऊंनी स्वतःच्या जिभेवर लावला. थोडं थांबून काडीनं टोचलं. "ऊं! दुखलं." चहा झाला. दुसरी वाटी. थांबले. टोचलं. पुन्हा टोचलं. त्यांचे डोळे मोठे झाले.

"हीच! हीच महालाजांची!" ते आनंदानं ओरडले. "बघा, काही वाटत नाही! मैयाचा छाक्षात..."

शिल्पानं वाटी उचलून तिचं बूड दाखवलं. बुडावर लिहिलं होतं, 'मेडिकल'.

जितेंद्रभाऊंनी वाटी हातात घेऊन ती अक्षरं दोनदा वाचली. जीभ ताळ्यावर येईपर्यंत आम्ही थांबलो, मग तिसरी वाटी झाली. तीही दुसरीसारखीच निघाली. ती महाराजांची होती. पहिली, जी दुखली होती, ती नुसता मध.

ते उठून जुईजवळ गेले. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि खूप हळू म्हणाले, "तू सांगत होतीस ना दुखतंय म्हणून. मी ऐकलं नाही."

"तुम्ही बोबडे बोलताना छान वाटता, बाबा," जुई म्हणाली. त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि शिल्पा पदरानं डोळे टिपत उगाचच कप गोळा करायला लागली.

दुसऱ्या दिवशी जुईला हॉस्पिटलात दाखवलं. गोळ्यांच्या जोडीला सलाइनमधून औषध सुरू झालं, सूज ओसरायला लागली. दाढ काढायची तारीख पुढच्या आठवड्यात मिळाली. त्याआधी सामुदायिक भवनात महाराजांचा समारोपाचा सत्संग होता. जितेंद्रभाऊ म्हणाले, "मी जाणार. ज्या लोकांसमोर मी मान डोलावली, त्यांच्यासमोरच बोलणार."

आम्ही सगळेच गेलो. गर्दी आधीपेक्षाही जास्त. करोंद मंडीतले व्यापारी गाड्या करून आले होते. महाराजांनी जुईला पाहिलं आणि खूश झाले. "आ गई छाया! मुंडन के लिए आई है!"

"नहीं महाराज," जितेंद्रभाऊ उभे राहिले. "एक छोटी-सी बिनती है. मैया आपके हाथ में है, या कटोरी में?"

"मूर्ख प्रश्न! मैया मेरे रोम-रोम में है."

"तो कटोरी आज बाजू में रख दीजिए. मेरे घर का शहद है. आप इस पर मंत्र पढ़िए."

महाराजांनी मध पाहिला. गर्दी पाहिली. "लेप हिमालय की बूटी से बनता है. मैया को माध्यम चाहिए."

"रोम-रोम में है तो माध्यम क्यों?" मागून कोणीतरी विचारलं. मंडीतला एक व्यापारी होता. भावाची घासाघीस करण्यात आयुष्य गेलेला, त्यामुळे त्याला बोलण्यातली गाठ लगेच सापडली.

आता गोपीनाथजी उठले. महाराजांचा मान राखण्यासाठीच उठले बिचारे. "महाराज, शक की कोई बात नहीं. आप मंत्र मारिए, मैं तैयार हूँ."

नकार द्यायला जागा उरली नाही. महाराजांनी मधावर मंत्र म्हटला. यावेळी तो फारच आखूड झाला. सुई हातात घेतली, तेव्हा केतकी पुढं गेली आणि तिनं सीलबंद पाकीट त्यांच्यापुढं धरलं. "नई सुई लीजिए. मैया को नई सुई से एतराज़ तो नहीं होगा."

सुई टोचली.

"अरे मर गया रे!" गोपीनाथजींनी उडी मारली, त्यांचा हात लागून झेंडूची माळ तुटली आणि पुढच्या रांगेवर फुलांचा वर्षाव झाला. हे सगळं अगदी शुद्ध, स्पष्ट उच्चारांत.

भवनात आधी कोणीतरी फिस्सकन हसलं आणि मग ते हसू आवरेना. केतकीनं सोबत आणलेली मेडिकलच्या जेलची वाटी उघडली. कुठलाही मंत्र न म्हणता तिनं गोपीनाथजींच्या जिभेला लेप लावला आणि गप्पा मारत उभी राहिली. थोड्या वेळानं नवी सुई हळूच टोचली.

"दर्द हुआ?"

"नईं हुआ," गोपीनाथजी चकित होऊन म्हणाले. "आपके पाछ भी मैया है?"

"मेडिकल पर है," केतकी म्हणाली. "कोई भी ला सकता है." आणि मग तिचा आवाज गंभीर झाला. तिनं सांगितलं, की त्या लांबलचक मंत्राचं काम औषधाला चढायला वेळ देणं एवढंच होतं. जीभ जड होते म्हणून माणूस बोबडं बोलतो. दातदुखी भवनात थांबते आणि घरी जाईपर्यंत परत येते, कारण औषध उतरतं. त्याला इतके दिवस महाराज 'घर में श्रद्धा कम पड़ी' म्हणत होते. "और सबसे बड़ी बात. एक ही सुई सबकी जीभ में गई है. इससे वो पीलिया फैलता है जो लिवर को खा जाता है, और उससे बड़ी बीमारियाँ भी. जिनको सुई लगी है, सब खून की जाँच करवा लें. डाँटूँगी नहीं, बस करवा लीजिए."

हसू एकदम थांबलं. लोक आपापल्या जिभा दातांवर फिरवून पाहू लागले. या गोंधळात महाराजांनी 'यहाँ नास्तिकों की छाया है' असं म्हणत मंच सोडला. स्वयंसेवक त्यांच्या मागोमाग गेले. चांदीची वाटीसुद्धा कोणीतरी आठवणीनं उचलली. पोलिसांत तक्रार जितेंद्रभाऊंनी स्वतः दिली.

सगळ्यांनाच पटलं असं मी म्हणणार नाही. आमच्या जिन्यातल्या एक बाई अजूनही सांगतात, की डॉक्टरीणबाई आल्या म्हणून मैया रुसली. पण त्यांनीही रक्त तपासून घेतलं, हे मला माहीत आहे, कारण त्यांच्यासोबत मीच गेले होते.

जुईची दाढ ठरल्याप्रमाणे काढली. ऑपरेशनच्या आधी केतकीनं डॉक्टर परागांनाही बोलावलं होतं. त्यांनी जुईसमोर सरळ कबूल केलं, "तू दुखतंय म्हणत होतीस आणि मी भीती म्हणालो. भीती होती, पण दुखतही होतं." मग जुईनं केतकीला विचारलं, "मला औषध जास्त लागेल का?"

"लागेल किंवा लागणारही नाही. केस बघून मी आधीच जास्त देणार नाही, आणि केस बघून छायाही म्हणणार नाही. थोडं देईन, तुझं हृदय, तुझा श्वास बघत राहीन, लागलं तर आणखी देईन. प्रत्येकाला असंच. काळे केस असोत, पांढरे असोत किंवा अजिबात नसोत."

त्या दिवशी जुईला किती औषध लागलं ते केतकीनं आम्हाला सांगितलं. नेहमीपेक्षा थोडंच जास्त. "एका माणसावरून काही सिद्ध होत नाही," असंही तिनं लगेच बजावलं. जितेंद्रभाऊंनी मान डोलावली, आणि यावेळी समजून डोलावली.

जुई शुद्धीवर आली तेव्हा गालात कापूस होता. "सुरू केलं का?" तिनं विचारलं. संपलंय असं सांगितल्यावर तिनं डोळे मिटले आणि दोन्ही हातांनी आईबाबांचे हात धरले. पुढच्या महिन्यात तिचा कथ्थकचा वर्ग पुन्हा भरला. सर्दी झालेल्या मुली बऱ्या होऊन परत आल्या होत्या.

मला वाचकांना फार काही शिकवायचं नाही. कोणी आपल्यासमोर चमत्कार करत असेल तर हात जोडायच्या आधी एवढंच विचारा, की मधली वाटी काढली तर तो होतो का, आणि तीच वाटी दुसऱ्याच्या हातात दिली तर होतो का. उत्तर काय येईल ते आधीच ठरवून ठेवू नका. आणि एखाद्यावर औषध चाललं नाही, एखादं लेकरू आपल्याहून वेगळं दिसलं किंवा आपल्याला दुखत नाही तिथं त्याला दुखलं, तर त्यात शाप, छाया आणि नाटक शोधू नका. शरीरं सारखी नसतात. का नसतात हे शोधता येतं आणि शोधणारी माणसंही आहेत. त्यांच्याकडे वेळेवर जा. दुखतंय असं कोणी म्हणालं, तर आधी त्याच्यावर विश्वास ठेवा आणि मग कारण शोधायला लागा.